थापांवर चालणारं वायफाय

मोबाइल इंटरनेटचा डोंगल लॅपटॉपला खोचला की पहिली थाप तोच मारायचा. असायचा मोडेम, पण आधी संगणकाला सांगायचा की मी सीडी आहे. 'माय कॉम्प्युटर'मध्ये सीडी ड्राइव्हचं एक नवं चित्र उमटायचं, त्यातून कंपनीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चढायचं आणि ते चढलं की स्वारी सीडीचा वेश उतरवून मोडेम व्हायची. खोक्यात वेगळी सीडी घालायला नको, म्हणून काढलेली ही युक्ती. २००६ साली आलेला हुवावेचा ई२२० याच पद्धतीनं चाले आणि पुढच्या अनेक डोंगलांनी तीच उचलली. लिनक्सवाल्यांच्या पदरात मात्र नुसती सीडीच पडायची. त्या सीडीचा मोडेम करण्यासाठी कुणीतरी 'यूएसबी मोडस्विच' नावाची वेगळी आज्ञावली लिहिली, तेव्हा कुठे त्यांचं काम भागलं.

मोडेम झाल्यावर दुसरी थाप. लॅपटॉपला वाटे, आपण टेलिफोनच्या तारेला जोडलेलो आहोत आणि आता नंबर फिरवायचा आहे. जीएसएम असेल तर *९९#, टाटा फोटॉन किंवा रिलायन्स नेटकनेक्टसारखं सीडीएमए असेल तर #७७७. या नंबरावर कुठेही घंटी वाजत नसे. डेटा सुरू करा, एवढाच त्याचा अर्थ. पण लॅपटॉप तो फिरवायचा 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या हुकमांनी, आणि ते हुकूम १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीनं आपल्या स्मार्टमोडेमसाठी ठरवलेले होते. हवेतून येणारं इंटरनेट तीस वर्षांपूर्वीच्या तारेच्या भाषेत मागावं लागत होतं. विंडोजला तीच भाषा येत होती, म्हणून डोंगलानंही तीच शिकून घेतली.

एका सिमचं इंटरनेट लॅपटॉपनं घ्यायचं आणि वायफायवरून घरातल्या बाकीच्यांना वाटायचं, ही सोय कुणी एकानं आखून बांधलेली नाही. ती अशा थापांची उतरंड आहे. प्रत्येक थराने वरच्या थराला काहीतरी खोटं सांगितलं, वरच्यानं ते खरं मानलं, आणि म्हणूनच सगळं चाललं. तंत्रज्ञानाचा इतिहास सांगताना शोधांची नावं घेतली जातात. इथे थापाड्यांची घ्यावी लागतात, आणि ती आदरानं घ्यावीत अशीच आहेत.

यातली सगळ्यात मोठी थाप पत्त्याची. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला क्रमांकाचा पत्ता लागतो. तो ३२ बिटांचा ठरला तेव्हा सुमारे ४२९ कोटी पत्ते मिळाले आणि ते कधी संपतील असं कुणाला वाटलं नव्हतं. १९९०च्या सुमारास वाटू लागलं. जानेवारी १९९३मध्ये पॉल त्सुचिया आणि टोनी एंग यांनी एका लेखात कल्पना मांडली: एका संस्थेच्या आतले पत्ते दुसऱ्या संस्थेनंही वापरले तर काय बिघडलं? आतलं आत राहील, बाहेर जाताना पत्ता बदलायचा. मे १९९४मध्ये हीच कल्पना आरएफसी १६३१ या दस्तऐवजात आली. लेखक दोन: डेन्मार्कमधल्या क्रे कम्युनिकेशन्सचे केल्ड एगेवांग आणि जपानच्या एनटीटीचे पॉल फ्रान्सिस, म्हणजे तेच त्सुचिया, आता बदललेल्या नावानं. पत्ता बदलण्याची युक्ती सुचवणाऱ्यानं मधल्या काळात आडनावही बदललं, हा निव्वळ योगायोग. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

या युक्तीला 'नॅट' म्हणतात. ज्यांनी पूर्वीच्या व्हिजिटिंग कार्डांवर 'पी.पी.' लिहिलेला टेलिफोन नंबर पाहिला आहे, त्यांना ती लगेच कळेल. फोन शेजारच्यांकडे, नंबर त्यांचा, पण कार्डावर आपण छापायचा. फोन आला की शेजारी हाक मारणार. नॅटमध्ये लॅपटॉप हा तो शेजारी. घरातल्या फोननं किंवा टॅब्लेटनं बाहेर काही मागितलं की लॅपटॉप त्यावरचा पत्ता खोडून आपला टाकतो आणि कोणी काय मागितलं याची नोंद पोर्ट क्रमांकानिशी एका तक्त्यात ठेवतो. उत्तर आलं की तक्ता पाहून ज्याचं त्याला देतो. फरक इतकाच, की बाहेरच्या कुणी आपणहून फोन केला तर हा शेजारी हाक मारत नाही, कारण तक्त्यात नोंदच नसते. आतल्यानं सुरुवात केली तरच संवाद. नॅटमागं बसून सर्व्हर चालवणं जिकिरीचं होतं ते यामुळेच. आणि आपोआप थोडी सुरक्षितता मिळते तीही यामुळेच.

लेखकांना आपल्या युक्तीचं कौतुक नव्हतं. दीर्घकाळासाठी ही योग्य नाही, कदाचित अल्पकाळासाठीही नसेल, अशी कबुली त्यांनी त्या दस्तऐवजातच देऊन ठेवली होती. खरा इलाज म्हणून १२८ बिटांच्या पत्त्यांची आयपीव्ही६ ही पद्धत डिसेंबर १९९५मध्ये प्रसिद्धही झाली. पण नॅटमध्ये एक गुण असा होता की त्यापुढं सगळे दोष फिके पडले. ते बसवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. जगातलं दुसरं एकही यंत्र बदलावं लागत नव्हतं. फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८नं १० आणि १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते, शिवाय १७२.१६ ते १७२.३१पर्यंतचे, घरगुती वापरासाठी कायमचे मोकळे केले आणि तात्पुरता इलाज कायमचा झाला.

ही युक्ती घरात आणली ती फुकट्यांनी, आणि हा शब्द मी प्रेमानं वापरतो आहे. एक टेलिफोन, एक मोडेम, एक खातं आणि संगणक मात्र दोन-चार, ही अडचण तेव्हा सगळीकडे होती. न्यूझीलंडमधून १९९५ साली 'विनगेट' आलं. लिनक्समध्ये याच कामाला 'मास्करेडिंग', म्हणजे चक्क सोंग, असं प्रामाणिक नाव मिळालं. आपल्याकडे व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि काही वर्षांत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. एका जोडणीवर अनेक संगणक चालवल्याशिवाय त्या धंद्याचं गणित बसणारच नव्हतं. मायक्रोसॉफ्टला शहाणपण आलं १९९९मध्ये. विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' आलं. एका चौकोनात टिचकी मारली की तो संगणक १९२.१६८.०.१ हा पत्ता घेऊन घरचा कारभारी व्हायचा.

पण वाटप व्हायचं तारेनं. तार काढायची तर वायफाय हवं, आणि १९९७च्या मूळ वायफाय मानकात दोन यंत्रांनी राउटरशिवाय परस्परांशी बोलण्याची 'ॲड-हॉक' सोय होती. ॲपलनं १९९९मध्ये एअरपोर्ट आणलं आणि मॅकलाच बेस स्टेशन बनवणारं सॉफ्टवेअरही दिलं. पण आपल्याकडे मॅक होता कुणाच्या घरी? विंडोज एक्सपीवाल्यांच्या वाट्याला ॲड-हॉकच आलं, आणि ते दोन बाबतींत लंगडं होतं. एक म्हणजे त्यावर बहुधा 'वेप' हे कुलूप लागे, जे २००१मध्येच फुटलेलं होतं. दुसरं म्हणजे अँड्रॉइड फोनला ॲड-हॉक जाळं दिसतच नसे. डोंगल आहे, लॅपटॉप आहे, नवा कोरा फोन आहे, आणि फोनच्या यादीत लॅपटॉपचं नाव काही येत नाही.

एक्सपीच्या ॲड-हॉकनं आणखी एक विनोद घडवला. ओळखीचं जाळं सापडलं नाही की एक्सपी पूर्वी जोडलेल्या ॲड-हॉक जाळ्याच्या नावानं स्वतःच जाळं प्रसारित करू लागे. कुणीतरी कधीतरी 'फ्री पब्लिक वायफाय' नावाचं जाळं तयार केलं. विमानतळावर बसलेला कुणी त्याला फुकटच्या आशेनं जोडला गेला. मग त्याचा लॅपटॉप पुढच्या विमानतळावर तेच नाव पुकारू लागला. हे नाव एखाद्या रोगासारखं लॅपटॉपमधून लॅपटॉपमध्ये पसरत गेलं. इंटरनेट त्यातल्या एकाकडेही नव्हतं. एक्सपीच्या २००८मधल्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकनं ही खोड मोडली.

त्याच वर्षी आपल्याकडे वायफाय हा विनोदाचा विषय राहिला नाही. अहमदाबादेतल्या जुलै २००८च्या बॉम्बस्फोटांआधी पाठवलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरी पोहोचले. तिथलं वायफाय बिनकुलपाचं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. 'पासवर्ड टाक रे' हे वाक्य मराठी घरांत शिरलं ते या सुमारास.

लॅपटॉपला खऱ्या राउटरचं सोंग आणता आलं ते मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या एका प्रयोगामुळे. आयआयटी खरगपूरमधून कॉर्नेलला गेलेले रणवीर चंद्रा यांनी परमवीर बहल आणि प्रदीप बहल यांच्यासोबत २००४ साली 'मल्टिनेट' मांडलं: एकाच वायफाय कार्डानं एकाच वेळी दोन जाळ्यांत असणं. कार्ड खरं तर एका क्षणी एकाच जागी असतं. म्हणून ते पहिल्या जाळ्याच्या राउटरला सांगतं, मी वीज वाचवायला जरा झोपतो, माझी टपाल जपून ठेव. राउटर बिचारा ती ठेवतो, आणि कार्ड तेवढ्या वेळात दुसऱ्या जाळ्यात जाऊन बोलून येतं. वीज वाचवण्यासाठी मानकात ठेवलेली सोय अशी पळवाट म्हणून वापरणं मला या साऱ्या कहाणीतलं सर्वांत देखणं काम वाटतं.

मल्टिनेटचं पुढं 'व्हर्च्युअल वायफाय' झालं आणि २२ ऑक्टोबर २००९ला आलेल्या विंडोज ७मध्ये त्यातून 'होस्टेड नेटवर्क' अवतरलं. आता लॅपटॉप ॲड-हॉक न राहता साक्षात राउटर म्हणून उभा राहू शकत होता, डब्ल्यूपीए२च्या पक्क्या कुलपासह. अँड्रॉइडलाही तो दिसू लागला. गंमत अशी, की डोंगलवाल्यांना दोन जाळ्यांची ती कसरत नकोच होती. इंटरनेट डोंगलातून येत होतं, वायफाय कार्ड रिकामंच बसलेलं होतं. त्यानं राउटर व्हावं, एवढंच त्यांचं मागणं. विद्वानांच्या मोठ्या प्रश्नाच्या उत्तरातून त्यांचा छोटा प्रश्न जाता जाता सुटला.

मायक्रोसॉफ्टनं एवढं सगळं करून त्याला बटण मात्र दिलं नाही. काळ्या खिडकीत 'नेटश डब्ल्यूलॅन'ने सुरू होणारी आज्ञा लिहून जाळ्याचं नाव आणि पासवर्ड ठरवायचा, दुसऱ्या आज्ञेनं ते सुरू करायचं, मग नेटवर्क कनेक्शन्समध्ये डोंगलच्या जोडणीवर उजवी टिचकी देऊन 'शेअरिंग'मध्ये त्या नव्या, आभासी कार्डाचं नाव निवडायचं. लॅपटॉप बंद करून चालू केला की जाळं पुन्हा सुरू करा. हा खटाटोप वाचवायला फिलाडेल्फियातून 'कनेक्टिफाय' आलं, पाठोपाठ 'एमहॉटस्पॉट' वगैरे आले, आणि कॉलेजच्या होस्टेलांत पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरले. आयडियाच्या डोंगलचं 'नेटसेटर' हे नाव बऱ्याच घरांनी कुठल्याही कंपनीच्या डोंगलला चिकटवून टाकलं होतं. ३.१ एमबीपीएस हा सीडीएमएवरच्या ईव्हीडीओ डोंगलचा कागदावरचा कमाल वेग, आणि तो तिघाचौघांत वाटला की चित्रफीत गोलगोल फिरत राही. तरी भारनियमनाच्या काळात याची किंमत कळायची. वीज गेली की टेबलावरचा ब्रॉडबँड राउटर मेला, पण बॅटरीवरचा लॅपटॉप घराला इंटरनेट पुरवत राहायचा.

मग फोननंच हे काम हिसकावलं. सिंबियन फोनवर 'जोइकुस्पॉट' २००८पासून होतंच. मे २०१०मध्ये अँड्रॉइड २.२नं हॉटस्पॉट फोनमध्येच दिलं, मार्च २०११मध्ये आयफोननं. मोबाइल कंपन्यांना हे रुचलं नाही. डेटाचे पैसे एकदा घेतल्यावर तो वाटून घेण्याचे वेगळे पैसे मागायचे, असा त्यांचा हिशोब. अमेरिकेत एटी अँड टी त्यासाठी महिन्याला २० डॉलर लावत असे. चोरी पकडण्याची एक खूण या वाटपानंच पुरवली होती: पाकीट एका यंत्रातून पुढं सरकलं की त्याच्यावरचा 'टीटीएल' आकडा एकानं घटतो, त्यामुळे ६४च्या जागी ६३ दिसला की मागं कुणी आहे हे कंपनीला कळे. जुलै २०१०मध्ये ॲपलच्या दुकानात एक साधं टॉर्चचं ॲप आलं. त्यातले रंग ठराविक क्रमानं दाबले की ते इंटरनेट वाटू लागे. ॲपलनं ते लगोलग काढून टाकलं. जुलै २०१२मध्ये मात्र व्हेरायझनला अशी ॲप्स अडवल्याच्या चौकशीतून सुटण्यासाठी अमेरिकी सरकारला साडेबारा लाख डॉलर भरावे लागले. माझं मत त्या वेळी होतं तेच आज आहे: विकत घेतलेलं पाणी कुणाच्या पेल्यात ओतायचं, हे विकणाऱ्यानं ठरवू नये.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डोंगल ड्रॉवरमध्ये गेले. लॅपटॉप आता फोनकडून इंटरनेट घेतो. पत्ते तर कधीचेच संपले. एप्रिल २०१२मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी १००.६४ ते १००.१२७पर्यंतचे सुमारे ४२ लाख पत्ते वेगळे काढावे लागले. म्हणजे कंपनी एकदा पत्ता बदलते, फोन एकदा आणि लॅपटॉपनं पुढं वाटलं तर तो एकदा.

लॅपटॉपला हवं असलेलं वाटपाचं बटण ऑगस्ट २०१६च्या विंडोज १० अद्ययावतीकरणात मिळालं, म्हणजे त्याची फारशी गरज उरली नव्हती तेव्हा. लॉजमध्ये एकाच यंत्राला वायफाय मिळत असेल किंवा कचेरीत फक्त तार असेल, तर ते आजही उपयोगी पडतं. सेटिंग्जमध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' सुरू करा. एका वेळी आठ यंत्रं जोडता येतात. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा ठेवा, काम झालं की बंद करा, आणि इंटरनेट मोबाइलचं असेल तर आधी विंडोजचे अपडेट थांबवा, नाहीतर दिवसाचा डेटा तेच पिऊन टाकतील.