वाळ्याचे जैविक बांध

उतारावरील मातीची धूप व अपधाव कमी करण्यासाठी समपातळी रेषेवर वाळा (क्रायसोपोगॉन झिझानिऑइड्स, कुल–ग्रॅमिनी) या बहुवर्षायू गवताची सलग ओळ लावण्याची पद्धत. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठोंब १०–१५ सेंमी. अंतरावर लावतात. मुळे फारशी आडवी न पसरता ३ मी. किंवा अधिक खोल जातात. ताठ, दाट बुंध्यांशी पाणी अडून पसरते, त्याचा वेग मंदावतो आणि गाळ ओळीच्या वरच्या अंगाला साठतो. काही वर्षांत तेथे आपोआप पायरी तयार होते, आणि साचलेल्या मातीतून नवी मुळे फोडत गवतही वर येते. ओळीत फट राहिली, तर मात्र सारे पाणी तिथूनच घुसून घळ पडते. म्हणून पहिल्याच पावसाळ्यात नांगे भरावे लागतात. माठात टाकायच्या सुगंधी मुळांसाठी ही ओळ खणणे अर्थातच परवडत नाही. सावलीत वाळा जोम धरत नाही.

१९५० च्या दशकात जॉन ग्रीनफील्ड यांनी फिजीतील उसाच्या मळ्यांत ही पद्धत वापरली; १९८० च्या दशकात जागतिक बँकेने भारतात तिचा प्रसार केला. कर्नाटकातील गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांच्या बांधांवर मात्र वाळा त्यापूर्वीपासूनच होता. लागवडीसाठी दक्षिण भारतीय वाण पसंत करतात. त्याला सहसा रुजणारे बी धरत नाही, त्यामुळे तो शेतात तण म्हणून पसरत नाही.