पत्रांनी जपलेला दुवा



पदवी परीक्षेचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि त्यानंतर घरात एक अवघडलेली शांतता सुरू होते. एम. ए., एम. एस्सी. किंवा पीएच. डी.साठी अर्ज गेलेला असतो, पण उत्तर आलेले नसते. विद्यापीठ परदेशातील असेल तर ही वाट पाहणे कित्येक महिन्यांचे होते. या काळात नातेवाईक विचारतात, "पोराचं काय ठरलं?" मुलीसाठी स्थळ येते. आखातातून मामा नोकरीचे कळवतात. आणि आपला विद्यार्थी मात्र गप्प बसलेला असतो. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकायचे, त्यांना लिहावे की नाही, लिहिले तर काय लिहावे, ते रागावणार तर नाहीत ना, या विचारात दिवस जातात. पुष्कळदा त्या मौनातच पुढचे शिक्षण संपते.

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात मिळते, आणि तेही आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची यादी आपण सर्वांनी पाठ केली आहे. पण त्या पदव्यांच्या मधल्या काळात, शिष्यवृत्ती संपलेली आणि शिक्षण अर्धवट राहिलेले असताना, या तरुणाने आपल्या प्राध्यापकांशी संबंध कसा टिकवला, हे फारसे सांगितले जात नाही. तो भाग आज आपण पाहू.

न्यूयॉर्कहून लंडनला

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. सेलिग्मन म्हणजे करपद्धती आणि सार्वजनिक अर्थव्यवहार या विषयांतील त्या काळचे मोठे नाव. संशोधनाची पद्धत कोणती अनुसरावी, असे भीमरावांनी त्यांना एकदा विचारले. तेव्हा, मन लावून काम करीत राहा, तुमची पद्धत तुम्हालाच सापडेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. या उत्तरातच गुरूचा शिष्यावरील विश्वास दिसतो.

१९१५ मध्ये एम. ए. झाल्यावर आणि पीएच. डी.चे काम बरेच पुढे गेल्यावर १९१६ मध्ये भीमरावांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वाट धरली. जाताना खिशात पैसे थोडे होते, पण सेलिग्मन यांची पत्रे होती. लंडनमधील सिडने वेब आणि प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना सेलिग्मन यांनी आपल्या विद्यार्थ्याची ओळख करून देणारी पत्रे लिहिली होती. अशी पत्रे मागून मिळत नाहीत. तीन वर्षे ग्रंथालयात घालविलेले दिवस त्या पत्रांच्या मागे उभे होते. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांना लंडनला प्रवेश मिळाला आणि त्याच सुमारास बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही त्यांचे नाव दाखल झाले.

जहाज बुडाले, जागा राहिली

वर्ष पुरे होण्याच्या आतच संकट आले. शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदतही संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. आपल्यापैकी कितीतरी मुले अशा वेळी काय करतात? पैसे संपले, आता काय तोंड दाखवायचे, असे म्हणून कोणालाही न सांगता निघून येतात. वसतिगृहाची खोली रिकामी होते, हजेरीपटावरचे नाव खोडले जाते आणि प्राध्यापकांच्या लेखी तो विद्यार्थी हरवतो.

भीमरावांनी तसे केले नाही. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या साहाय्याने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून रीतसर परवानगी मिळविली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी ती परवानगी होती. ती मिळाली म्हणूनच त्यांची जागा राहिली. पुढच्या सर्व यशाचा पाया या एका कागदावर आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

ते पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या जहाजातून येत होते, ते टॉर्पेडोने बुडाले. पुस्तके गेली आणि मूळ प्रबंधाचे हस्तलिखितही गेले. ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस पोहोचले. सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये मिळाले, ते बडोद्याच्या प्रवासाला उपयोगी पडले. बडोद्यात अस्पृश्यतेच्या नावाखाली त्यांची जी अवहेलना झाली, ती सर्वश्रुत आहे. राहायला जागा न मिळाल्याने नोकरी सोडून त्यांना परतावे लागले. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून काटकसर केली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने ५००० रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. चार वर्षांची मुदत अद्याप संपली नव्हती.

लंडनला आल्यावर त्यांनी जी पत्रे लिहिली, त्यांत एक न्यूयॉर्कला सेलिग्मन यांना होते. मला लंडनमध्ये परत आलेला पाहून आपणास आश्चर्य वाटेल. मी न्यूयॉर्कच्या वाटेवरच आहे, परंतु हातातले संशोधन पुरे करण्यासाठी सुमारे दोन वर्षे येथे थांबत आहे, असा त्याचा आशय होता. स्वतः कॉलेजात शिकवू लागल्यावर कोलंबियाच्या अध्यापकांचे आपल्यावर केवढे ऋण आहे ते कळले, असेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. त्यात तक्रार किंवा रडगाणे नव्हते. मी कोठे आहे, काय करतो आहे आणि पुढे काय करणार आहे, एवढेच होते. विद्यार्थ्याच्या पत्रात याहून अधिक काय असावे?

१९२२ मध्ये त्यांनी पुन्हा सेलिग्मन यांना लिहिले. जहाजाबरोबर जुना प्रबंध गेला, आता नवा लिहून काढला आहे, असे त्यांनी कळविले. पाच वर्षांपूर्वीचा अपघात सांगतानाच नवे काम पुढे ठेवले, म्हणून त्या पत्राला वजन आले.

मधल्या काळात, १९२१ मध्ये, जर्मनीतील बॉन विद्यापीठातही प्रवेश मिळविण्याचा प्रयत्न त्यांनी केला. त्यासाठीचे पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने, जर्मन भाषेत लिहिले. तेथे नाव दाखल झाले, परंतु तो अभ्यासक्रम पुरा होऊ शकला नाही. म्हणजे मोठ्या माणसाचाही प्रत्येक अर्ज शेवटास जातोच असे नाही. ज्यांच्याकडे शिकायचे त्यांची भाषा आधी शिकून घेण्याची तयारी मात्र आपण लक्षात ठेवावी.

मतभेद आणि प्रस्तावना

जून १९२१ मध्ये लंडनची एम. एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर झाला. परीक्षकांना त्यातील काही भाग मानवला नाही आणि फेरफार करून देण्यास सांगण्यात आले. पैसे संपल्यामुळे ते मुंबईला परतले, येथून सुधारलेला प्रबंध पाठविला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्याच वर्षी तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रस्तावना लिहिली एडविन कॅनन यांनी. त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी, लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपणास मान्य नाहीत, असे स्पष्ट सांगितले आणि तरीही पुस्तकाच्या ताजेपणाची व नेमकेपणाची वाखाणणी केली. प्राध्यापकांशी संबंध ठेवणे म्हणजे त्यांची हांजी हांजी करणे, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. तो दूर होण्यास ही एक प्रस्तावना पुरेशी आहे.

कोलंबियाच्या प्रबंधाचेही तसेच झाले. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह छापला गेला आणि १९२७ मध्ये पीएच. डी.ची पदवी रीतसर प्रदान झाली. न्यूयॉर्क सोडल्यापासून पदवी हाती येईपर्यंत ११ वर्षे गेली. या ११ वर्षांत महायुद्ध झाले, सामान बुडाले, नोकऱ्या सुटल्या, कर्ज झाले. गुरूंशी असलेला संबंध मात्र सुटला नाही.

ओळख नसेल तर?

येथे एखादा विद्यार्थी म्हणेल, "सर, त्यांना सेलिग्मन भेटले होते. आमची तर कोणाशीच ओळख नाही." त्याच्यासाठी दुसरे उदाहरण त्याच काळातील आहे. भीमराव ज्या वर्षी अमेरिकेस गेले, त्याच १९१३ सालच्या १६ जानेवारीला मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यातील वर्षाला २० पौंड पगाराच्या एका कारकुनाने केंब्रिजच्या जी. एच. हार्डी या गणितज्ञाला पत्र लिहिले. हा कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. यापूर्वी केंब्रिजच्याच दोन प्राध्यापकांना लिहून काही उपयोग झाला नव्हता. हार्डींना पाठविलेल्या पत्रात त्यांनी आपली परिस्थिती थोडक्यात सांगितली आणि सोबत पानेच्या पाने आपली प्रमेये जोडली. त्या पानांनी हार्डींना जागेवर बसू दिले नाही. ८ फेब्रुवारीला त्यांनी उत्तर लिहिले आणि सिद्धता मागितल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस रामानुजन यांचे दुसरे पत्र, आणखी प्रमेयांसह, निघाले.

त्यानंतर प्रत्यक्ष प्रस्थानास एक वर्षाहून अधिक काळ लागला. १७ मार्च १९१४ रोजी ते बोटीत बसले. समुद्रपर्यटनाविषयीचे धार्मिक व घरगुती आक्षेप मधे होते. हे वर्ष त्यांनी वाया घालविले नाही. मद्रास विद्यापीठाची महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती मिळाली आणि गणित चालूच राहिले. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पत्र पाठविणाऱ्याची ओळख नव्हती. पत्राबरोबर गेलेल्या कामानेच ती करून दिली.

आपण काय करावे?

तेव्हा पत्र आगबोटीने जाई आणि उत्तर यायला महिना-सव्वा महिना सहज लागे. आज ई-मेल क्षणात पोहोचते. त्यामुळे लिहिणे सोपे झाले, तसेच घाईघाईने काहीही लिहिणेही सोपे झाले. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

प्राध्यापकांना लिहिताना त्यांचे एखादे लेखन आधी वाचा आणि तुमचा अभ्यासाचा विषय चार ओळींत सांगा. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवू नका; तो वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. "माझा प्रवेश झाला का?" असे दर आठवड्याला विचारू नका. पुष्कळ विद्यापीठांत निर्णय एका समितीकडे असतो; एकट्या प्राध्यापकाच्या हाती तो नसतो. नवीन काही घडले, म्हणजे परीक्षेचा निकाल लागला, एखादा निबंध छापून आला, शिष्यवृत्ती मिळाली, तर मात्र अवश्य कळवा. दुसरीकडे प्रवेश घेतला असेल, तर तेही वेळेवर कळवा, म्हणजे प्रतीक्षा यादीतील दुसऱ्या कोणाची तरी सोय होईल. नकार आला तरी आभाराचे दोन शब्द लिहा. शिफारसपत्र हवे असेल, तर येथील आपल्या प्राध्यापकांना मुदतीच्या आदल्या दिवशी गाठू नका. आणि काही अडचणीने शिक्षण थांबवावे लागले, तर न सांगता निघून येऊ नका. परत येण्याची मुभा लेखी मागून घ्या.

पालकांनाही एक विनंती आहे. वाट पाहण्याचे हे महिने म्हणजे मुलाने किंवा मुलीने रिकामे बसण्याचे महिने, असे समजू नका. त्या काळात त्याला वाचू द्या, भाषा शिकू द्या, लिहू द्या. विशेषतः मुलीच्या अर्जाचे उत्तर येण्यापूर्वी तिच्या आयुष्याचा निर्णय उरकून टाकू नका. भीमरावांना पुन्हा लंडनला जाण्यासाठी तीन वर्षे लागली. आपण आपल्या मुलीला सहा महिने देऊ शकत नाही का?

मराठीत 'दुवा' म्हणजे जोडणारी कडी आणि आपल्या घरांत 'दुवा' म्हणजे थोरांचा आशीर्वाद. शिक्षकाशी राखलेल्या संबंधात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांचे अर्ज या वर्षी गेले आहेत, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर एक काम करावे. आपण सध्या काय वाचतो आहोत, कोणत्या प्रश्नाचा अभ्यास करतो आहोत, ते एका पानावर लिहून काढावे. ते पान नीट उतरले, तर प्राध्यापकांना काय लिहावे हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. आणि ते पान कोरेच राहिले, तर आज संध्याकाळीच ग्रंथालय गाठावे.