सहीची किंमत पाच रुपये

घरातलं जुनं कपाट आवरताना कधी कधी पोस्टकार्डाएवढा एखादा फोटो हाती लागतो. कडा पिवळ्या पडलेल्या, कुणा नटाचा किंवा गायिकेचा चेहरा आणि खाली तिरपी सही. १९३५ च्या 'देवदास'मुळे सैगल आणि १९३६ च्या 'संत तुकाराम'मुळे विष्णुपंत पागनीस लोकांच्या मनात बसले. त्या काळापासून पुढं कितीतरी वर्षं चाहते आवडत्या कलावंताला पत्र लिहायचे आणि पोस्टमनची वाट बघत बसायचे.

आलेल्या फोटोवरची सही दरवेळी खरीच असे असं नाही. ती कधी छापील निघे, कधी चिटणिसाच्या हातची. म्हणून जाणते संग्राहक फोटो उजेडात तिरपा धरून पाहतात. पेनाच्या शाईची रेघ कागदाच्या चकाकीवर वेगळी उठून दिसते. छापील सही चित्रातच मुरलेली असते.

पण सही खरी आहे हे कळलं, तरी तिचं मोल कशावरून ठरवायचं? याचं एक उत्तर आपल्या वर्धा जिल्ह्यात सापडतं.

'संत तुकाराम' आला त्याच १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. १९४० मध्ये त्याचं नाव सेवाग्राम झालं. त्यांची सही हवी असणारे पुष्कळ. गांधीजी सही देतही, पण फुकट नाही. पाच रुपये मोजावे लागत आणि ते अस्पृश्यता निवारणासाठीच्या हरिजन निधीत जमा होत.

या निधीसाठीचा त्यांचा मोठा दौराही वर्ध्यातूनच निघाला होता, ७ नोव्हेंबर १९३३ ला. जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्येच आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं होतं, ते याच गावात. सुमारे नऊ महिने, साडेबारा हजार मैल आणि जवळपास आठ लाख रुपये, असा तो दौरा. लोकांनी दिलेली मानपत्रंसुद्धा गांधीजी लिलावात काढत.

जानेवारी १९३४ मध्ये केरळातल्या वडकरा इथं कौमुदी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीनं सही मागितली. तिनं आधी एक बांगडी दिली होती. गांधीजी लिहायला लागले, तोवर तिनं दुसरी बांगडी काढली, मग गळ्यातलं, मग कानातलं. गांधीजींनी तिला लिहून दिलं, त्याचा आशय असा होता की, उतरवलेल्या दागिन्यांपेक्षा तुझा त्याग हाच खरा अलंकार.

अशा निधीनं अस्पृश्यता जाईल का, याविषयी डॉ. आंबेडकरांचा गांधीजींशी तीव्र मतभेद होता. दानापेक्षा हक्क मोठा, ही त्यांची भूमिका होती. गांधीजींच्या सहीकडे पाहताना तोही इतिहास विसरता येत नाही.

सेवाग्रामात गांधीजींचे नातलग कनू गांधी फोटो काढत. घनश्यामदास बिर्लांनी त्यांना कॅमेऱ्यासाठी शंभर रुपये दिले होते, म्हणजे वीस सह्यांचे पैसे! गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, मी फोटोसाठी पोज देणार नाही आणि आश्रमाचा पैसा मिळणार नाही.

आज अशा सह्यांना लिलावात मोठे भाव येतात. 'अमुक हिला' असं नाव घातलेला नटाचा फोटो बाजारात अनेकदा कमी भावाला जातो, कारण घेणाऱ्याला दुसऱ्याचं नाव नको असतं. मला मात्र तोच जास्त मोलाचा वाटतो. कुणीतरी पत्र लिहिलं होतं आणि कुणीतरी उत्तर दिलं होतं, याचा तो पुरावा. सेवाग्रामची सहीही तशीच. मालकीची वस्तू होण्याआधी ती एक पावती होती, कुणीतरी काहीतरी दिल्याची.

तेव्हा कपाटात असा फोटो सापडला, तर गोंदानं चिकटवू नका, उन्हात टांगू नका. आणि तो कुणी, कधी, कशासाठी मिळवला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. शाई फिकी होईल, पण ती गोष्ट तरी राहील.