निळी पट्टी, लाल झेंडा आणि जुनी फीत

१/ क्रांतीच्या नेत्यांवर टीका करणारे चित्रपट विरोधकांनी पुष्कळ काढले. परंतु चळवळीच्या बाजूच्या माणसाने जुन्या चित्रफिती पुढे ठेवून आपल्याच नेतृत्वाला जाब विचारावा, हे दुर्मीळ. मराठी मुलखातले तसे उदाहरण म्हणजे आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). त्याविषयी हा थ्रेड.

२/ आधी फ्रान्समधला एक नमुना. क्रिस मार्कर यांनी १९७७ मध्ये जगभरच्या डाव्या चळवळींच्या फितींतून एक दीर्घ चित्रपट रचला. भाषण करताना समोरचे मायक्रोफोन सारखे करण्याची फिडेल कॅस्ट्रो यांची सवय त्यांनी हेरली. एरवी ते मुकाट वळतात. मॉस्कोतले मात्र जागचे हलत नाहीत. क्युबाच्या क्रांतीचे परावलंबन एवढ्यावरून कळते.

३/ पटवर्धनांकडची फीत स्वतःचीच होती. ‘हमारा शहर’ (१९८५) या मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरील चित्रपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. घोगरे दलित, गाणे डाव्या चळवळीचे. तेव्हा ते दृश्य कष्टकऱ्यांचा आवाज म्हणून पाहिले गेले.

४/ ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. १० जण मृत्युमुखी पडले. काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती.

५/ ज्या डाव्या कलापथकात ते गायले, त्यातून त्यांना आधीच काढण्यात आले होते. हे कळल्यावर १९८५ची फीत पुन्हा पाहताना प्रश्न बदलतो : वर्ग संपला की जात आपोआप संपेल, असे मानणाऱ्या नेतृत्वाला या आवाजातली जातीची वेदना कधी ऐकू आली होती का? फीत तीच, साक्ष निराळी.

६/ इथे सावधगिरीही हवी. फितीतला माणूस उलट उत्तर देऊ शकत नाही आणि कात्री संकलकाच्या हाती असते. म्हणून चित्रण कोणी, केव्हा, कशासाठी केले आणि मागचेपुढचे काय वगळले, हे विचारावेच. पटवर्धन १४ वर्षे चित्रण करीत राहिले. त्यांचा निष्कर्ष एका तुकड्यावर उभा नाही.

७/ शाहूपुरीत बसून हे लिहिताना कॉ. गोविंद पानसरे आठवतात. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला त्यांचे निधन झाले. पटवर्धनांच्या ‘विवेक’मध्ये (२०१८) ते दिसतात. ज्यांना आपण मानतो, त्यांची भाषणे सोयीच्या तुकड्यांत नव्हे, तर अखंड आणि तारखेसह जपावीत. उद्या त्यांनाही कोणी प्रश्न विचारील. तो पुढच्या पिढीचा हक्क आहे.