ईडीएफ फाइलचे हेडर

ईईजी, झोपेची तपासणी अशा नोंदी ज्या ‘युरोपियन डेटा फॉरमॅट’मध्ये साठवतात, त्या फाइलच्या सुरुवातीचा मजकूर. रुग्ण कोण, नोंद केव्हाची, वाहिन्या किती आणि फाइलमधल्या आकड्यांचे मायक्रोव्होल्ट कसे करायचे, हे त्यावरूनच कळते. हेडर बिघडले तर आलेख शाबूत असूनही वाचता येत नाही, किंवा चुकीचा वाचला जातो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो लक्षात येत नाही.

इतिहास : बॉब केम्प व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे स्वरूप प्रसिद्ध केले. सुधारित ईडीएफ प्लस २००३ चे.

रचना : पहिले २५६ बाइट सर्व नोंदीचे, पुढे प्रत्येक वाहिनीमागे २५६. २१ वाहिन्या आणि टिपणांची एक धरली तर हेडर ५,८८८ बाइटांचे होते. सगळा मजकूर आस्की अक्षरांत असतो, म्हणून तो कोणत्याही हेक्स एडिटरमध्ये सरळ वाचता येतो. देवनागरीला मात्र इथे जागा नाही. मराठी रुग्णाचे नाव रोमनमध्येच लिहावे लागते आणि एकाच माणसाच्या दोन नोंदींत स्पेलिंग वेगळे पडू शकते. जुळणी नावावर न सोडता रुग्ण-क्रमांकावर करावी. प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली असते: रुग्णाला ८०, तारखेला ८, वाहिनीच्या नावाला १६. उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरतात.

दुरुस्ती : साध्या टेक्स्ट एडिटरने ही फाइल कधीही सेव्ह करू नये. नावात एक अक्षर वाढले की पुढचे सगळे एका बाइटने सरकते. नमुने प्रत्येकी दोन बाइटांचे असल्याने जोड्याच चुकतात आणि पडद्यावर लयीऐवजी नुसता गोंगाट उरतो. ईडीएफब्राउझर या प्रोग्राममध्ये यासाठी हेडर एडिटर आहे. तरीही आधी प्रत काढावी.

काही रकाने केवळ माहिती सांगतात, काही गणितात शिरतात. फिल्टरच्या रकान्यात ५० हर्ट्झचा नॉच लिहिला म्हणून विजेची घरघर जात नाही. उलट किमान-कमाल मूल्यांचे चार रकाने बदलले की एकही नमुना न हलता आलेख बदलतो. भौतिक मर्यादा उणे ३२०० ते ३२०० मायक्रोव्होल्ट आणि अंकीय मर्यादा उणे ३२७६८ ते ३२७६७ असतील तर एक पायरी सुमारे ०.०९८ मायक्रोव्होल्टची. दोन्हीकडे ३२०० ऐवजी ३२० पडले, तर ५० मायक्रोव्होल्टची अल्फा लय ५ ची दिसेल. भौतिक किमान व कमाल यांची अदलाबदल झाली तर लाट उलटी होईल. हे रकाने मूळ यंत्राच्या मूल्यांशी ताडून पाहिल्याशिवाय हात लावू नये.

तुटलेली नोंद : नोंद चालू असताना हेडरमध्ये खंडांच्या (नमुन्यांच्या ठरावीक वेळेच्या तुकड्यांच्या) संख्येच्या जागी उणे १ असते. मध्येच वीज गेली तर तेच राहते आणि काही प्रणाली फाइल उघडत नाहीत. नोंद बहुतेकदा वाचवता येते. वरच्या उदाहरणात दर सेकंदाला २१ वाहिन्यांचे प्रत्येकी २५६ नमुने व टिपणांसाठी ६० नमुन्यांइतकी जागा धरली, तर एका सेकंदाचा खंड १०,८७२ बाइटांचा. फाइल १,३०,५२,२८८ बाइटांची असेल, तर हेडर वजा करून भागले की १२०० येतात. त्या रकान्यात १२०० लिहायचे. रुग्णाची वीस मिनिटे परत मिळतात.

ओळख लपवणे : नाव पुसणे पुरेसे नाही. ईडीएफ प्लसमध्ये रुग्णाच्या रकान्यात क्रमांक, लिंग, जन्मतारीख व नाव असते. अज्ञात गोष्टीसाठी एक्स लिहितात. नोंदीची तारीख दोन ठिकाणी असते. नोंदीच्या रकान्यात तंत्रज्ञाचा उल्लेख असू शकतो. तंत्रज्ञाने टिपणात ‘अमुकबाईंनी डोळे उघडले’ असे लिहिले असेल, तर ते हेडरच्या बाहेर, नमुन्यांच्या मध्ये बसलेले असते आणि हेडर साफ करूनही मागे राहते. संशोधनासाठी फाइल देण्यापूर्वी टिपणे एकेक करून वाचावीत, फाइलचे नावही पाहावे. रुग्णालयाची मूळ फाइल बदलावी की फक्त प्रत, याबाबत पद्धती वेगवेगळ्या आहेत.

इतर स्वरूपे : बीडीएफमध्ये नमुने २४ बिटांचे, पहिला बाइट २५५. ब्रेनव्हिजनमध्ये हेडर ही स्वतंत्र मजकूर-फाइल असते आणि तिच्यात नमुन्यांच्या फाइलचे नाव लिहिलेले असते. फाइलचे नाव बदलले तर तेही बदलावे लागते.