कोतवाल बुकापासून पीएच.डी.पर्यंत : भंडारा जिल्ह्यातील बौद्धांच्या उच्च शिक्षणाची वाटचाल



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाचा लेख आम्ही द्यावा, असे कार्यकारिणीने सांगितले. विहार कसा उभा राहिला, वर्गणी कशी जमली हे आपल्याला पाठ आहे. म्हणून या वेळी दुसरा विषय घेतला आहे. तो सुचला विहाराच्या ओट्यावरच.

गेल्या पावसाळ्यात जात पडताळणीचे कागद घेऊन काही मुले-मुली ओट्यावर बसली होती. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे होता. कोणी आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज उतारा आणला होता. कोणाकडे तोही नव्हता, कारण आजोबा-पणजोबांनी शाळेचे तोंडच पाहिले नव्हते. त्यांच्या कामी आली कोतवाल बुकाची नक्कल.

कोतवाल बुक म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. जुन्या मध्यप्रांतात गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी कोतवाल ठाण्यावर देत असे. आपल्या भागात कित्येक गावांचा कोतवाल आपल्याच समाजाचा माणूस होता. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तो तोंडाने सांगायचा, लिहिणारा दुसराच कोणी लिहायचा. ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्याने सांगितलेल्या नोंदीवर आज त्याचा पणतू एम.फार्म.ला प्रवेश घेतो. तीन-चार पिढ्यांत आपण केवढे अंतर कापले, ते या एका कागदावरून समजते. पण हे अंतर आपोआप कापले गेले नाही. प्रत्येक टप्प्यावर फीचे पैसे कोणी दिले आणि दाखला कोणी दिला, हे दोन प्रश्न आडवे आले. त्यांचाच हा इतिहास आहे.

पैसा संपला आणि पदवी अडली

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आपण जयंतीला घडाघडा म्हणतो. त्या पदव्यांमागचा खर्चाचा हिशेब मात्र फारसा सांगत नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला गेले आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतले. म्हणजे एवढा बुद्धिमान माणूस, पण पैशाअभावी त्यांचीही पदवी अडली.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ रक्कम दिली, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती पडायला १९२७ साल उजाडले. राजाची मदत, मित्राचे कर्ज आणि स्वतःची बचत अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा ते शिक्षण पूर्ण झाले. हे आपण विसरू नये.

बाबासाहेब स्वतः हे विसरले नाहीत. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी सरकारपुढे अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न मांडला आणि तीन लाख रुपयांची तरतूद मंजूर करून घेतली. त्यातून काही तरुण परदेशी शिकायला गेले. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची भारत सरकार शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या बोलण्यातली ‘जीओआय’ ती हीच. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली. शिकायला जागा आणि शिकायला पैसा या दोन्हींची सोय त्यांनी केली.

भंडारा तेव्हा कुठे होता?

आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. गोंदियाही याच जिल्ह्यात होते, ते १ मे १९९९ रोजी वेगळे झाले. धानाची मजुरी, तेंदूपाने, विड्या, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी, घरातल्या मागावर विणलेले जाडेभरडे कापड, नाहीतर नागपूरच्या गिरण्या, अशी आपल्या माणसांची पोटे भरत. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, पण भंडाऱ्याच्या पोराला कॉलेज म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे वसतिगृहाचा प्रश्न. मुलींचे तर विचारूच नका. तरीही १९४२ च्या जुलैत नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेला हजारो बाया आल्या होत्या. पोरींच्या शिक्षणाची हाक त्यांनी तिथे बाबासाहेबांच्या तोंडून ऐकली.

१९५४ साली बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. देशातला सर्वांत विद्वान माणूस आपल्या दारी मते मागायला आला आणि हरून गेला, ही सल जुन्या लोकांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. नुसत्या पदवीने सत्ता मिळत नाही, मागे संघटित समाज लागतो, हा धडा या जिल्ह्याने सर्वांच्या आधी पाहिला.

नागपूरवर अवलंबून राहण्याची पाळी पुढे कमी होत गेली. १९५८ साली मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. हळूहळू गोंदियात आणि भंडाऱ्यात महाविद्यालये झाली. १९६४ साली दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. ज्या जमिनीवर आपल्या आईबापांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्याच जमिनीवर नातवंडे बी.ए., बी.कॉम. होऊ लागली.

विहारात बौद्ध, कागदावर काय?

१४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, आपला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दोन महिन्यांच्या आत धर्म बदलला, राज्य बदलले आणि डोक्यावरची सावली गेली.

सवलतींचा प्रश्न इथूनच सुरू झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जाती म्हणजे हिंदू, आणि १९५६ पासून शीखसुद्धा. बौद्ध त्यात नव्हते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. त्यामुळे राज्याच्या नोकऱ्यांची दारे उघडली. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक अशा आपल्या पहिल्या नोकऱ्या त्यातूनच आल्या. पण रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका, जवाहरनगरची आयुधनिर्माणी हे सगळे केंद्राचे. तिथे स्वतःला बौद्ध लिहिणाऱ्याला राखीव जागा नव्हती. केंद्राच्या शिक्षणसंस्थांतही तीच गत होती.

त्या काळात घराघरांत काय चालले, ते आम्ही पाहिले आहे. बाप विहारात पंचशील घेणारा, पण मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहायचे की जुनी जात, म्हणून रात्रभर जागणारा. कोणी बौद्ध लिहिले आणि केंद्राच्या नोकरीवर पाणी सोडले. कोणी जुनी जात ठेवली आणि शेजाऱ्यांचे टोमणे ऐकले. “दीक्षा खरी का दाखला खरा जी?” असे भर बैठकीत विचारणारे होते. आज मागे वळून पाहताना दोघांनाही नावे ठेवू नयेत, असे आम्हांला वाटते. एकाने धम्म जपला, दुसऱ्याने लेकरू शिकवले, आणि समाजाला दोन्ही पाहिजे होते.

हा अन्याय दूर व्हावा म्हणून रिपब्लिकन पक्षाने मोर्चे काढले. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहातही ही मागणी होती. शेवटी विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात, जून १९९० मध्ये, कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला. १९५६ ते १९९० म्हणजे ३४ वर्षे! तेवढ्यात एक पूर्ण पिढी नोकरीच्या वयाची होऊन निवृत्तीला लागली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठीही १९७८ ते १९९४ अशी १६ वर्षे गेली. आपल्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव असावे, एवढ्यासाठी लोकांनी घरे जाळून घेतली आणि प्राण दिले.

संख्या वाढली

इतके सोसूनही समाज शिकला. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के निघाली, देशाची सरासरी ७२.९८ होती. बौद्ध स्त्रियांची ७४.०४ टक्के, देशातील स्त्रियांची ६४.६३. नागपूरच्या त्या परिषदेला गेलेल्या आयाबायांनी हे आकडे पाहायला पाहिजे होते.

उच्च शिक्षणाचे सरकारी सर्वेक्षण सांगते की, देशात अनुसूचित जातींचे विद्यार्थी २०१४-१५ मध्ये ४६.०७ लाख होते, ते २०२१-२२ मध्ये ६६.२३ लाख झाले. १८ ते २३ वयाच्या शंभरांमागे आपले प्रमाण २५.९, एकूण देशाचे २८.४. म्हणजे अंतर फार राहिले नाही. सर्व समाज मिळून पीएच.डी. करणारे याच काळात १.१७ लाखांवरून २.१२ लाखांवर गेले. पण याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट आहे. शंभर विद्यार्थ्यांपैकी ७९ जण पदवीलाच असतात, पदव्युत्तर वर्गात फक्त १२. पदवीनंतरची पायरी सगळ्यांनाच उंच आहे, आणि ज्याच्या घरी शेती नाही, दुकान नाही, त्याला तर फारच उंच.

एक आनंदाची गोष्टही लिहिली पाहिजे. निवृत्तीनंतर, नातवंडे झाल्यावर पाली किंवा आंबेडकर विचारधारा या विषयात एम.ए. करणारे आजी-आजोबा नागपूर-भंडाऱ्याकडे पुष्कळ दिसतात. त्यांना त्या पदवीतून पगार नको आहे. तरुणपणी राहून गेलेले वर्गात बसणे त्यांना हवे आहे.

आजचे दुखणे

आता पैशाचा प्रश्न पाहू. भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २०१३-१४ मध्ये अडीच लाख झाली आणि २०२१ च्या सुधारणेतही तीच राहिली. दरम्यान भाजी, तेल, खोलीचे भाडे कुठे गेले ते आपण जाणतो. रक्कमही वेळेवर येत नाही. आमच्याच घरच्या मुलीची गोष्ट. बी.एस्सी. झाली, नागपूरला एम.एस्सी.ला नंबर लागला. तिच्या महाविद्यालयाने टी.सी. अडवून धरली. शिष्यवृत्ती जमा झाली नाही, आधी फी भरा, म्हणाले. बचत गटातून पैसे उचलले, पण तोवर प्रवेशाची तारीख गेली. एक वर्ष वाया गेले. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याची अशी अडवणूक करू नये, असा शासनाचा आदेश आहे, हे आम्हांला नंतर कळले. आधी कळते तर भांडलो असतो.

वसतिगृहात जागा न मिळणाऱ्यांसाठी राज्याने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली. नागपूर-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. योजना चांगली, पण पैसे बऱ्याचदा वर्ष सरल्यावर येतात, आणि खानावळवाली बाई वर्षभर थांबत नाही. परदेशी शिक्षणासाठी २००३ पासून राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. केंद्राचीही परदेश शिष्यवृत्ती आहे, पण २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताच्या सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले गेले. भारतातील जातींवर बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात निबंध वाचला. त्या नियमाने पाहिले तर तो विषय घेऊन जाणाऱ्याला पैसे मिळाले नसते!

संशोधकांची परवडही सांगितली पाहिजे. केंद्राची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पण ती मोजक्यांना मिळते. बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२१ च्या ८६१ पात्र संशोधकांना २०२३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. आणि पीएच.डी. झाल्यावर? राज्यातील प्राध्यापकभरती २०१२ नंतर अनेक वर्षे अडली, मग थोडी थोडी सुटली. आज नेट-सेट, पीएच.डी. झालेली आपली मुले तासिकेवर शिकवतात. जितके तास तितका पैसा, सुटीत तोही नाही. साठ-सत्तरच्या दशकात बी.ए. झालेला माणूस पगारावर घर बांधायचा. आज डॉक्टरेट झालेला पोरगा बापाच्या पेन्शनवर जगतो. मग आई म्हणते, “इतका सिकून का फायदा झाला बापू?” तिच्यावर रागावून उपयोग नाही, प्रश्न खरा आहे.

आम्ही तिला असे सांगू : सवलत गेली ३४ वर्षे, तरी आपण शिकलो, म्हणून तर दाखला मिळाल्यावर जागा घ्यायला माणसे तयार होती. आज शिकणे सोडले, तर उद्या दार उघडेल तेव्हा आत जायला आपल्यात कोणी नसेल.

विहाराने काय करावे?

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल खंत बोलून दाखवली होती. शिकून ते आपापल्या पोटापुरते झाले, असे त्यांचे दुःख होते. ती खंत आपल्या वॉर्डापुरती तरी दूर करता येईल. आमच्या तीन सूचना आहेत.

एक, दर जून महिन्यात विहारात कागदपत्रांचे शिबिर घ्यावे. कोतवाल बुकाची नक्कल कुठे मिळते, पडताळणीचा अर्ज कसा भरायचा, महाडीबीटीवर काय जोडायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांनी पुढच्यांना बसून शिकवावे. दोन, वर्धापनदिनाच्या वर्गणीतला ठरावीक भाग शिक्षण निधीत टाकावा. शिष्यवृत्ती येईपर्यंत फीसाठी उसने द्यायचे, आली की परत घ्यायचे. एवढे असते तर आमच्या पोरीचे वर्ष गेले नसते. तीन, जे नोकरीला लागले त्यांनी एका तरी विद्यार्थ्याचा महिन्याचा खानावळ खर्च उचलावा.

आपल्या जिल्ह्यातील पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी याच वैनगंगेच्या काठी माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दगड दिले आणि स्तूप उभा राहिला. आपणही विहार तसाच उभा केला. आता एकेका लेकराच्या फीचा एकेक दगड द्यायचा आहे. कोतवालाने तोंडी सांगितलेली नोंद आपण इथवर आणली. तिच्या पुढचे पान आपल्या पोरांनी स्वतःच्या हाताने लिहावे, एवढीच या वर्धापनदिनी मंगलकामना.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम! नमो बुद्धाय!