गिटारवाल्यांच्या यादीतला सतारिया

गेल्या हिवाळ्यात काशीला, दुर्गाघाटाजवळच्या मामांच्या घरी वाद रंगला. विषय जुनाच: साठच्या दशकातला सर्वांत प्रभावी रॉक गिटारवादक कोण? मामेभाऊ जिमी हेंड्रिक्सचा, मी जेफ बेकची. इतका वेळ गप्प असलेले मामा म्हणाले, "त्या सगळ्यांचे कान ज्याने फिरवले, तो इथलाच. त्याला यादीत का घेत नाही?"

इथला म्हणजे रविशंकर. जन्म बनारसचा, ७ एप्रिल १९२०.

परत आल्यावर मी तारखा लावून पाहिल्या. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना 'द किंक्स' मुंबईत थांबले. पहाटे कामाला निघालेल्या कोळ्यांचं गाणं रे डेव्हिसने ऐकलं आणि 'सी माय फ्रेंड्स'मध्ये गिटार तंबोऱ्यासारखी घुमू लागली. त्याच वर्षी 'यार्डबर्ड्स'नी 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी सतारिया बोलावला. ते जमलं नाही, तेव्हा बेकने तीच सुरावट गिटारवर उतरवली. ऑक्टोबरात जॉर्ज हॅरिसनने 'नॉर्वेजियन वुड'साठी सतार हाती धरली. १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे शिकायला भारतात आला. काशीत येऊन रामलीलाही पाहून गेला.

मामेभावाचा आक्षेप मात्र खोटा नव्हता. तार ओढून सूर चढवणं ब्लूजवाल्यांना आधीपासून येत होतं, त्यासाठी बी. बी. किंगला बनारसची गरज पडली नाही. सतारीची लाट आली आणि काही वर्षांत ओसरली. मग प्रभाव कशाला म्हणायचं?

मामांचा प्रश्न वेगळा होता. १८ जून १९६७, कॅलिफोर्नियातला माँटेरे महोत्सव. दुपारी रविशंकर वाजवले, तबल्यावर अल्लारखाँ. श्रोत्यांत बसलेला हेंड्रिक्स चित्रपटात दिसतो. त्याच रात्री त्याने स्वतःची गिटार पेटवली. रविशंकरांना ते फार लागलं. मामा म्हणाले, "सूर उचलले, पण वाद्याला पाय लावू नये, हे मागेच ठेवलं. तुम्ही भाषांतरवाले याला काय म्हणता गं?"

मला उत्तर सुचलं नाही. वीस वर्षं मी हेच करत आले आहे. शब्द आणते, त्यांच्याभोवतीची अदब किती वेळा मागे राहते, ते मला माहीत आहे.

उत्तर मला हॅरिसनच्या पुढच्या वाटेत सापडलं. सतारीला आयुष्य द्यावं लागतं आणि आपण उशिरा सुरुवात केली, हे ओळखून १९६८ च्या सुमारास त्याने ती बाजूला ठेवली आणि तो गिटारकडे परतला. मग १९७० चं 'माय स्वीट लॉर्ड' ऐका. त्यात सतार कुठेच नाही. पण तारेवरून घसरत जाणारी त्याची गिटार एका सुरातून दुसऱ्यात उडी मारत नाही. मधली वाट चालत जाते. मला तरी ती मींडच वाटते. उसना शब्द गेला, चाल मुरली. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठीच्या कार्यक्रमात आधी गुरू वाजवले, मग शिष्य.

मामांना फोनवर सांगितलं: रविशंकर यादीत नाहीत, त्यांनी गिटार वाजवली नाही, पण माझ्या यादीत आता बेकच्या वर हॅरिसन आहे. मामा हसले. "शिष्याला वर बसवलंस, म्हणजे गुरू आलाच की." मामेभाऊ अजून हेंड्रिक्सवरच अडून आहे.